फुग्यातला शब्द

भार्गवीने पान एकशे त्रेचाळीस दुसऱ्यांदा वाचलं आणि पुस्तक नंदकिशोरजींच्या टेबलावर आपटलं. कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला.

"ये मैंने नहीं लिखा है."

मालवीय नगरातल्या त्या तळघरात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून तयार होते. जवळच्या चौमूं गावचा माल दुपारच्या बसने जायचा होता. प्रकाशक नंदकिशोरजी स्वतः गठ्ठ्यांवर पत्ते चिकटवत होते.

"क्या नहीं लिखा, भाभीजी?"

मूळ पुस्तक जपानी होतं. चित्रांचं, पण मोठ्यांसाठीचं, चावट. एका एकलकोंड्या कारकुनाने घरी आणलेली हुबेहूब बाईसारखी दिसणारी यंत्रबाई, तिचं नाव मिहो, आणि तिच्यापायी घरात उडणारे घोटाळे. पुण्यात जपानी शिकलेली भार्गवी नवऱ्याच्या, निमिषच्या, बँकेतल्या बदलीमुळे जयपूरला आली होती आणि जपानी पाहुण्यांना आमेरचा किल्ला दाखवत होती. या पुस्तकाच्या हिंदी भाषांतराचं काम आलं तेव्हा निमिषने नाक मुरडलं होतं. ती मात्र भाषांतर करताना एकटीच खुदखुदली होती. मिहो मालकाचे मोजे भाताबरोबर शिजवायची. चावटपणाचं भार्गवीला वावडं नव्हतं.

पण एकशे त्रेचाळिसाव्या पानावर दारू प्यालेला मालक मिहोचा हात धरून तिला ओढतो. अख्ख्या पानावर एकच चित्र, तिच्या तोंडाशी एकच फुगा, फुग्यात एकच शब्द. त्या शब्दापाशी भार्गवी चार दिवस अडून बसली होती. मराठीत असता तर 'नको' लिहून मोकळी झाली असती. हिंदीत 'नको' नाही. 'रहने दीजिए' फार मऊ. 'छोड़िए' लटकं वाटत होतं. शेवटी तिने लिहिलं, 'नहीं।'

छापलं होतं, 'जैसी आपकी मर्ज़ी, मालिक।'

"अच्छा, वो!" नंदकिशोरजी हसले. "मशीन है, भाभीजी. मशीन मना कैसे करेगी? पढ़नेवाले का मज़ा किरकिरा हो जाता."

"मुझसे पूछना तो था! नाम मेरा छपा है."

"पूछ ही रहे थे. आप आमेर में थीं, फोन नहीं लगा. तो निमिषजी से पूछ लिया. बोले, बदल दीजिए, उसको कोई एतराज़ नहीं होगा."

भार्गवीचा आतापर्यंतचा राग या माणसावरचा होता, त्याच्याशी भांडून तो निवला असता. हा नवा राग निमिषवरचा होता.

तिने टेबलावरची कात्री उचलली आणि चौमूंच्या गठ्ठ्याची सुतळी कापली. काळा मार्कर घेतला, तिथेच फरशीवर बसली. पहिली प्रत उघडली, फुग्यातली ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'नहीं'. दुसरी प्रत ओढली.

"अरे अरे, माल खराब कर रही हैं आप!" नंदकिशोरजींनी तिच्या हातातली प्रत धरली.

"हाथ मत लगाइए."

त्यांनी हात मागे घेतला. गठ्ठे बांधणारी माणसं सुतळी हातात धरून नुसती बघत राहिली. नंदकिशोरजींनी बँकेत फोन लावला.

अर्ध्या तासाने निमिष जिना उतरून आला, हेल्मेट हातातच होतं. भार्गवीच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांचा ढीग झाला होता आणि बोटं काळी झाली होती.

"भार्गवी, काय तमाशा लावलायस? मतलब, लोक बघतायत."

"बघू देत."

"अगं, मी मीटिंगमध्ये होतो. यांचा फोन आला. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"की तुला चालेल."

"आणि संध्याकाळी घरी आलास, जेवलास. तेव्हा तरी विचारलंस?"

निमिषने नंदकिशोरजींकडे पाहिलं. त्यांनी नजर गठ्ठ्यांवर वळवली.

"घरी चल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "घरी बोलू आपण."

"घरी नाही. बस इथे."

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर निमिषला काहीतरी बोलता आलं असतं. तिने टेबलावरून दुसरा मार्कर काढून त्याच्यासमोर धरला आणि न उघडलेल्या प्रतींची चवड त्याच्याकडे सरकवली.

"निमिषजी, आप समझाइए ना इनको," नंदकिशोरजी म्हणाले.

निमिष हेल्मेट खाली ठेवून, पँट गुडघ्यांवर जराशी ओढून तिच्यासमोर बसला. प्रत उघडली, पान शोधलं. ओळीवर रेघ मारली आणि फुग्याच्या एका कडेला बारीक अक्षरात शब्द लिहिला.

भार्गवीने ती प्रत घेतली, पाहिली आणि पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मोठं लिही," ती म्हणाली.