मुद्दाम बाद

गिऱ्हाइकाच्या इस्त्री झालेल्या शर्टावर थोरलीने टिपं गाळावीत, हे आईला अजिबात खपलं नाही. तेही कशापायी, तर लाँड्रीतल्या टीव्हीवर लागलेल्या पोरांच्या बेसबॉलच्या सिनेमापायी!

"आई, बघ ना, सगळं मैदान त्या बहिणीसाठी उभं राहून टाळ्या वाजवतंय."

"कसल्या टाळ्या? मेलीने चेंडूला बॅट नुसती टेकवली नि झाली की बाद!"

"मुद्दाम झाली गं. सगळे तिला बाद करण्यात गुंतले, म्हणून तर तिचा धाकटा भाऊ धावत पुढच्या टप्प्यावर पोचला."

आईच्या सगळं डोक्यावरून गेलं. बाद होणारीला टाळ्या, ही कुठली रीत? तिने थोरलीकडे पाहिलं. दहावीनंतर शाळा सोडून ही याच इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, म्हणून धाकट्याला कॉलेज करता आलं. त्याच्या निकालाच्या दिवशी आईने अख्खी गल्ली गोळा केली होती. आणि हिच्यासाठी? आईला काहीच आठवेना.

तिने थोरलीच्या हातातला शर्ट ओढून घेतला आणि ती स्वतःच त्यावर इस्त्री फिरवू लागली.

"गाढवच आहेस तू," ती म्हणाली, "अशा वेळी टाळ्या वाजवायच्या असतात, हे मला तेव्हाच नको का सांगायला?"