मेणाची वडी

कुठली गोळी लागू पडेल ते जनुकांवरून कळणार होतं, म्हणून कुंडलिकनं बायकोच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून सोलापूरहून पुण्याच्या लॅबला धाडला होता. वैजयंतीचं तेरावं उरकलं आणि कुरिअर आलं. गोळीचं नाव आलं, सोबत उरलेली वडीही परत आली.

"ह्यात काय हाय, जावईबापू?" सासूनं, गोजरबाईंनी, विचारलं.

"तपासायला धाडलेला तुकडा, मामी. वैजूचाच."

"आणा हिकडं. बाकी सगळी तर जाळून आला की तुमी. एवढीच उरली बगा माजी लेक."

त्यांनी वडी पदरानं पुसली, फोटोपुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं.

लेकीला खाणाऱ्या गाठीपुढंच त्या हात जोडून बसल्यात, हे सांगायला कुंडलिकची जीभ रेटेना.