सरावाचं रडणं

धाकट्या मुलाचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. थोरली सून समाजकार्याच्या कॉलेजात शिकवायची. एकदा वैतागून म्हणाली, “बाबा, दुःखी माणूस समोर बसला की माझ्या विद्यार्थ्यांची दातखीळ बसते. अशांना कामावर कसं पाठवू? तुम्ही वर्गात या आणि आई वारल्या म्हणून रडा. नाटक आहे हे त्यांना कळू देऊ नका.”

“जा हो,” बायको म्हणाली, “पण मला शोभेल असं रडा.”

सोमवारी मी पोटभर रडलो. मुलं ढिम्म. सुनेने कपाळाला हात लावला.

मंगळवारी अख्खा वर्ग आपणहून माझं सांत्वन करायला घरी आला. दार बायकोने उघडलं.

“या, बसा. वारले ती मीच, काल सकाळी.”