सातवा दिवस

सहा दिवस, तेवीस तास आणि पन्नास मिनिटं. एवढ्या वेळात कोमलच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास एकदाही थांबला नव्हता. सात दिवस भरले, की भोंगवलीला घरी!

इतक्यात बाळाच्या श्वासावर नजर ठेवणारं यंत्र किंचाळलं आणि पडद्यावरचे आकडे गेले. श्वास थांबला असं वाटून कोमलनं बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. तिथली वायर सुटली होती आणि घोट्याला काळा धागा बांधलेला होता.

"आत्याबाई, वायर तुमी काढली?"

"मग? बिगर धाग्याचं न्यायचं व्हय लेकराला? दिष्ट लागंल की!" सासू म्हणाली.

"सिस्टर, आता परत पहिल्यापासून मोजायचं?" आवाज ऐकून आलेल्या नर्सला कोमलनं विचारलं.

सिस्टरनी घड्याळ धरून मिनिटभर बाळाचं पोट न्याहाळलं. मग तक्त्यात लिहिलं: श्वास चव्वेचाळीस, खंड शून्य, दिवस सात.