नामंजुरीचं कारण

“या खुणा नीट आठवून लिहिल्यात ना, बाई?” कारकुनानं अर्ज खालीवर न्याहाळत विचारलं.

“हो, साहेब.”

“डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका. उजव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जोडलेली.”

“हो. चटका माझ्याच हातून बसला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आईनं मला त्या दिवशी चांगलंच बदडलं होतं.”

कारकुनानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तुरुंगाच्या भेट-परवानगी कचेरीत त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. सहा वर्षांपूर्वी त्यानं एका गोडबोल्या मामाला भाच्याच्या भेटीला सोडलं होतं. मामा कसला नि भाचा कसला! तो इसम आत जाऊन साक्ष फिरवण्यासाठी दम देऊन आला आणि चाळणीची बढती हुकली. तेव्हापासून कुणी आई म्हणून आली तरी त्याला आधी शंका येई.

अंगावरच्या खुणांची शक्कल त्याचीच. नातेवाइकानं कैद्याच्या लहानपणापासूनच्या दोन खुणा अर्जात लिहायच्या, पहारेकऱ्यानं आत जाऊन त्या अंगावर पाहायच्या. जुळल्या तर परवानगी. नाही जुळल्या तर कारण लिहून, शिक्का मारून अर्ज परत. कागद खोटा करता येतो, अंग करता येत नाही, असं तो प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला ऐकवत असे. अधिकारी कंटाळून मान डोलवत.

ही बाई शिलाईकाम करणारी होती. गळ्यातली मोजपट्टी काढून ठेवायलाही तिला सवड मिळालेली दिसत नव्हती. तिचा जन्मदाखला, कैद्याचा जन्मदाखला, दोघांचे आईबाप तेच. कागद इतके व्यवस्थित होते की चाळणीच्या कपाळावर तेवढ्यानंच आठी पडली. शिवाय नोंदवहीत कैदी अविवाहित होता, आणि अविवाहित कैद्यांना बहिणी फार फुटतात हा त्याचा अनुभव होता.

“भाऊ आत जाऊन चार वर्षं झाली. इतके दिवस कुठं होता?”

“खिडक्यांसमोरच होते, साहेब. ही नाही तर ती. प्रत्येक जण म्हणतो, पुरावा आणा.”

“आणि आत्ताच एवढी काय घाई?”

“माझी मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. तिनं आतल्या माणसाला एकदाही पाहिलेलं नाही.”

“मामा दिसला नाही म्हणून काही पोरीचं अडलं नसेल!”

मोजपट्टीचं टोक बाईनं बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. चाळणीनं तेही मनात टिपून ठेवलं.

अर्ध्या तासानं पहारेकरी जिन्यावरून धापा टाकत आला.

“साहेब, मनगट स्वच्छ आहे. साधा ओरखडाही नाही. पायाची दहाही बोटं सुटी.”

“नीट पाहिलंस?”

“मोजे काढायला लावले. वर म्हणतो, मला बहीणच नाही. त्याचं हे रोजचंच आहे, कशालाही नाही म्हणायचं.”

चाळणीला मनातून गुदगुल्या झाल्या. पण बाईचा चेहरा दिसला आणि त्याला जरा कसंतरीच झालं. घरी त्यालाही एक बहीण होती.

“बाई, घाईत दुसऱ्याच कुणाच्या खुणा लिहिल्या असतील तर आत्ताच सांगा. कोरा अर्ज देतो. पुन्हा आठवून लिहा.”

“नको, साहेब. माझ्या भावाच्या खुणा याच.”

इथं चाळणीची दया आटली. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी कोऱ्या अर्जावर झडप घालतो. ही तर हटून बसली होती. हिच्या डोक्यात काहीतरी निराळंच शिजतंय, अशी त्याची खात्रीच पटली.

“खोटं नातं सांगितलं म्हणून मी तुम्हाला पोलिसांच्या हवाली करू शकतो, कळतंय का?”

“यातला एक शब्द खोटा निघाला तर जरूर करा.” तिनं टेबलावरच्या अर्जावर बोट ठेवलं. “फक्त जे काय ते कारणासकट लिहून द्या. खुणा तुमच्या माणसानं स्वतः पाहिल्या, हेसुद्धा.”

“देतो की. भितो काय?”

त्यानं टपोऱ्या अक्षरात लिहिलं : ‘अर्जदाराच्या भावाच्या खुणा कैद्याच्या अंगावर नाहीत. समक्ष तपासणी केली. सदर कैदी अर्जदाराचा भाऊ नाही. भेट नामंजूर.’ खाली सही ठोकली, पहारेकऱ्याचीही घेतली.

“शिक्का जरा पुसट उठलाय,” बाई म्हणाली.

चाळणीनं शिक्का शाईत चेपून पुन्हा मारला. नामंजुरीचा कागद माणसं चुरगाळतात, फाडतात, एकानं तर त्याच्या अंगावर फेकला होता. ही बाई तो दोनदा वाचत होती. शाई वाळावी म्हणून फुंकर घालत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण रडणाऱ्या माणसाची घाई तिच्यात नव्हती.

ती दाराकडे गेली नाही. शेजारच्या सुटकेच्या अर्जांच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. तिथली कारकून बाई लोकरीचं विणकाम बाजूला ठेवत म्हणाली, “पुन्हा तुम्हीच? अहो, किती वेळा सांगायचं?”

चाळणीनं मान लांब करून कान दिला.

“बायकोच्या शब्दावर कैदी सुटत नाहीत, सरकारी पुरावा आणा, असं तुम्हीच म्हणाला होतात,” शिलाईवाल्या बाईनं तो कागद खिडकीतून आत सरकवला. “हा घ्या. शिक्षा माझ्या भावाला झालीय, त्याच्याऐवजी धरून आत टाकलाय तो माझा नवरा.”