दाराकडचा बाण

कबड्डीच्या निवडचाचणीला दोन दिवसांत अकरा चढाईपटू आल्या आणि अकराही पकडल्या गेल्या. बचावातल्या मुलींच्या चष्म्यांत समोरचीचा बेत आधीच बाणासारखा उमटायचा. डावीकडे वळायचं तिच्या नुसतं मनात आलं, की पकड तिथे तयार! लीग महिन्यावर आली होती आणि घोरपडेबाईंच्या संघाला चढाईसाठी कुणीच मिळत नव्हतं.

बारावी वैजयंता, तिशी उलटलेली. मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला टेकवत ती दम घेऊन आत शिरली. बाईंच्याही चष्म्यात बाण डावीकडे वळला. सगळ्या डावीकडे झेपावल्या आणि वैजयंता उजव्या कोपऱ्यातल्या दोघींना शिवून परत आली.

"पुन्हा!" बाई ओरडल्या.

सहा चढाया झाल्या. सहाही वेळा चष्मा तोंडघशी पडला.

"कुठं शिकलीस गं हे?"

"घरीच, बाई. आमच्या ह्यांच्याकडं पण असलाच चष्मा आहे," वैजयंता घाम पुसत म्हणाली. "उंबरा ओलांडायचं मनात आलं तरी कळतंय त्यांना. आज पण दळणाला जायचं, एवढंच मनात धरून निघाले."

हॉलच्या दाराशी तिचा गव्हाचा डबा होता.

बाईंनी करार पुढे सरकवला. "सही केलीस तर आजच संघाबरोबर निघायचं. घरी जायचं नाही."

वैजयंता डब्याकडे बघत राहिली. चष्म्यात बाण उमटला, थेट दाराकडे. बाईंनी सुस्कारा सोडला आणि कागद मागे ओढला.

तो हलेना. वैजयंताने त्यावर तळहात दाबून धरला होता.

"पेन द्या, बाई."