दोन हिसके

अष्टमी गावच्या पुलाच्या खांबाला अडकलेलं जाळं काढायला पाणबुड्या शरीफ कुंडलिका नदीत उतरला. त्याच्या कमरेची दोरी होडीत सुजयच्या हातात होती. दोन हिसके बसले की वर ओढायचं, अशी खूण.

तळाशी जाळं त्याच्याच पायांना गुंडाळलं. पोटरीवरच्या म्यानात हात घातला, तर सुरी नाही. सामान बांधलं होतं सुजयने. शरीफच्या मनात पाल चुकचुकली.

इतक्यात त्या गढूळ पाण्यात कुणीतरी त्याच्या मुठीत सुरी दिली. जाळं आणि त्यात गुंतलेली कमरेची दोरी कापून तो वर आला. सुजय होडीत कोरडाच बसलेला.

“सुरी तूच काढून घेतलीस, मग खाली येऊन दिलीस कशाला?”

“मी उतरलोच नाय. तुझी सुरी ही काय, फळीवर राहिली.”

शरीफने आपल्या मुठीतल्या सुरीकडे पाहिलं.

सुजयच्या हातातल्या दोरीला खालून दोन हिसके बसले.